'डिस्प्यूट' म्हणजे तक्रार, वाद, तंटा की हरकत?

भाषांतर_खानापूर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका शब्दासाठी धागा काढते आहे. आपल्या बेळगाव सीमाभागातला कागद तीन भाषांतून फिरतो. कचेरीतून निघतो कन्नडमध्ये, वकिलाकडे जाऊन इंग्रजी होतो आणि घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवताना मराठी. या फेरीत 'डिस्प्यूट' हा शब्द दर वेळी निराळं रूप घेऊन येतो. खालची चार वाक्यं बघा:

१. द म्युटेशन एंट्री इज डिस्प्यूटेड.
२. इट इज नॉट इन डिस्प्यूट दॅट द पार्टीज आर ब्रदर्स.
३. द कस्टमर हॅज रेज्ड अ डिस्प्यूट.
४. बॉर्डर डिस्प्यूट.

चारही ठिकाणी सरसकट 'वाद' लिहिला तर दुसरं वाक्य हास्यास्पद होतं, तिसरं भांडखोर वाटतं आणि पहिल्यात नेमकं काय घडलंय ते कळतच नाही. 'कॉन्फ्लिक्ट', 'क्वारल', 'कॉन्ट्रोव्हर्सी' यांच्यापासून हा शब्द कुठे वेगळा पडतो? जाणकारांनी उदाहरणांसह लिहावं. कोशातला अर्थ उतरवून देऊ नये, तो माझ्याकडे आहे.

---

इंग्रजी_मास्तर

ताई, आधी मूळ बघू. लॅटिनमध्ये 'डिस' म्हणजे वेगवेगळं आणि 'पुतारे' म्हणजे हिशोब करणं, मानणं. दोघांनी एकाच गोष्टीचा हिशोब वेगवेगळा मांडला की झाला डिस्प्यूट. कॉम्प्यूट, रेप्यूट, इम्प्यूट ही सगळी याच 'पुतारे'ची भावंडं. त्याचा आणखी जुना अर्थ छाटणं, साफ करणं; 'अँप्युटेशन' तिथून आलं.

म्हणून या शब्दात मारामारी नाही, राग नाही, आवाज चढवणंही नाही. एकजण म्हणतो 'हे असं आहे', दुसरा म्हणतो 'नाही, मला मान्य नाही', एवढं पुरतं. 'क्वारल'मध्ये तोंडाचा आवाज येतो, ते आपलं भांडण. 'कॉन्ट्रोव्हर्सी'ला लोकांत चर्चा व्हावी लागते. 'कॉन्फ्लिक्ट' सगळ्यांत रुंद: तो दोन विचारांत, दोन हितांत, दोन सैन्यांत, एकाच माणसाच्या मनातही असतो. मनातल्या मनात डिस्प्यूट मात्र होत नाही, त्याला समोर दुसरा लागतो.

आता वापर. चुका इथेच होतात. नाम असेल तेव्हा माणसासाठी 'विथ', विषयासाठी 'ओव्हर' किंवा 'अबाउट', दोन पक्षांसाठी 'बिट्वीन'. क्रियापद असेल तेव्हा मध्ये काहीच नाही. 'आय डिस्प्यूट द बिल' बरोबर. 'आय डिस्प्यूट अबाउट द बिल' किंवा 'ऑन द बिल' चूक. ही चूक मराठीतून येते, कारण आपण 'बिलाबद्दल वाद घालतो'. 'बिल नाकारतो' असं डोक्यात धरलं की शब्दयोगी अव्यय आपोआप गळतं. उच्चारात जोर 'प्यूट'वर. नामाला पहिल्या अक्षरावर जोर देणारेही आहेत, पण क्रियापदाला तसा देऊ नये.

तुमच्या दुसऱ्या वाक्याचं मराठी सरळ आहे: 'पक्षकार एकमेकांचे भाऊ आहेत हे उभयपक्षी मान्य आहे.' नकाराचा नकार मराठीत होकारानेच सांगावा. 'हे वादात नाही की' असं लिहिणं म्हणजे इंग्रजीला धोतर नेसवणं.

---

वकील_निपाणी

मास्तरांनी 'नाकारणं' हा शब्द वापरला, त्यालाच धरून पुढे जातो. कायद्यात सगळा जीव तिथेच आहे.

हेगच्या जुन्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1924 साली माव्रोमॅटिस प्रकरणात डिस्प्यूटची जी व्याख्या केली ती आजही चालते: कायद्याच्या किंवा वस्तुस्थितीच्या मुद्द्यावर दोन व्यक्तींमधला मतभेद, कायदेशीर मतांचा किंवा हितांचा विरोध. पुढे 1962 च्या दक्षिण-पश्चिम आफ्रिका खटल्यात त्याला टाचणी मारली गेली: एकाचा दावा दुसऱ्याने ठामपणे विरोधलेला दिसला पाहिजे. नुसतं एकाला वाईट वाटणं पुरत नाही.

आपला ग्राहक कायदा याहून स्पष्ट आहे. 'कन्झ्युमर डिस्प्यूट' म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली तो तक्रारीतले आरोप नाकारतो अशी स्थिती. 1986 च्या कायद्यात हेच होतं, 2019 च्या कायद्यातही हेच आहे. म्हणजे क्रम असा: माल खराब निघाला ही झाली हानी, लेखी कळवलं ही झाली तक्रार, दुकानदार म्हणाला 'आमची चूक नाही', तेव्हा झाला डिस्प्यूट. तक्रार आणि डिस्प्यूट या दोन पायऱ्या आहेत. मराठीत दोन्हीला 'तक्रार' म्हटलं की मधली पायरी पुसली जाते. अर्ज लिहिताना लोक नेमकं तेच विसरतात. दुकानदाराने कधी, कोणत्या कागदाने, काय नाकारलं, हा परिच्छेदच अर्जात नसतो.

औद्योगिक तंट्याचंही तसंच. 1947 च्या कायद्यात मालक-मालक, मालक-कामगार आणि कामगार-कामगार अशा तिन्ही जोड्या होत्या. विषय मात्र नोकरी असणं-नसणं, नोकरीच्या अटी आणि कामाची परिस्थिती एवढाच. कॅन्टीनमध्ये दोन कामगार एकमेकांच्या अंगावर गेले तर ते भांडण; ते या व्याख्येत बसत नाही.

---

दोन्हीभाषी_चिकोडी

आता आपल्या मातीतली खरी अडचण सांगतो. ती पुण्या-मुंबईच्या वाचकाला येत नाही.

कन्नड नोटिशीत 'तकरारु' हा शब्द येतो. मराठी माणूस वाचतो 'तक्रार' आणि समजतो, कुणीतरी माझ्याविरुद्ध कंप्लेंट दिली. तसं नव्हे ओ! कन्नड कचेरीत 'तकरारु अर्जी' म्हणजे हरकतीचा अर्ज, आणि 'तकरारु' असलेली नोंद म्हणजे जी कुणीतरी नाकारली आहे अशी नोंद. शब्द एकच, अरबीतून आलेला. मूळ अर्थ पुन्हा पुन्हा करणं, तेच तेच म्हणणं. हिंदी-उर्दूत 'तकरार' म्हणजे हुज्जत. कन्नडने वादाचा अर्थ राखला, मराठी बोलण्यात तो गाऱ्हाण्याकडे सरकला.

पण गंमत अशी की मराठी महसुली भाषेत जुना अर्थ अजून जिवंत आहे. महाराष्ट्रात फेरफाराला 'साधी नोंद' आणि 'तक्रारी नोंद' म्हणतात. तिथली 'तक्रारी' म्हणजे डिस्प्यूटेडच. गाव नमुना सहा-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही. तेव्हा चंदगडच्या तलाठ्याला 'तकरारु' लगेच कळेल, चंदगडच्याच कॉलेजातल्या पोराला कळणार नाही.

फसवणारे आणखी शब्द:

'व्याज्य' – कन्नडमध्ये खटला, दावा. मराठी डोळा 'व्याज' वाचतो आणि बँकेची नोटीस समजतो. कन्नडमध्ये व्याजाला 'बड्डी'. लोकअदालतीच्या पत्रात 'व्याज्यपूर्व' दिसलं तर 'दावा दाखल होण्याआधीचं प्रकरण' असं वाचा.

'आक्षेपणे' – हा बरोबर आपला आक्षेप. हरकतीची मुदत सांगताना हा येतो.

'तंटे तकरारु' – खरेदीखतात जोडीने येतात. मिळकतीवर तंटे तकरारु नाही, म्हणजे कुणाचा हक्क अडकलेला नाही. कन्नडमध्ये सुटा 'तंटे' म्हणजे त्रास, खोडी. 'अवन तंटेगे होगबेड' म्हणजे त्याच्या वाटेला जाऊ नको. आपला तंटा त्यापेक्षा जड.

'विवाद' – दोन्हीकडे एकच. 'गडी विवाद' म्हणजे सीमावाद. यातला 'गडी' म्हणजे शेतावरचा गडी नव्हे, हद्द.

---

भाषांतर_खानापूर

हे फार मोलाचं, दादा. म्हणजे पहिल्या वाक्याला 'फेरफार नोंदीला हरकत घेतली गेली आहे' असं लिहावं की 'नोंद वादग्रस्त आहे'? आणि नोटीस हातात पडलेल्या माणसाने पुढे करायचं काय, तेही कुणीतरी सांगा. नुसता अर्थ कळून त्याचं भागत नाही.

---

वकील_निपाणी

दोन टप्पे आहेत, म्हणून शब्दही दोन. हरकतीचा अर्ज पडला तोपर्यंत 'हरकत घेतली आहे'. तो अर्ज रजिस्टरला चढला की 'नोंद विवादग्रस्त'. कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964, कलम 129 मध्ये म्युटेशनचं रजिस्टर वेगळं आणि डिस्प्यूटेड केसेसचं रजिस्टर वेगळं आहे. हरकत आली की तपशील त्या दुसऱ्या रजिस्टरात जातो आणि सुनावणी होऊन आदेश निघतो. त्या आदेशावर कलम 136 खाली अपील, आदेश कळवल्यापासून 60 दिवसांत. अपील एसीकडे, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजून प्रांत म्हणतात त्यांच्याकडे. पुढे डीसींकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुनरीक्षण.

करायचं असं:

नोटिशीत हरकतीची मुदत किती दिवसांची आहे ते आधी बघा, आणि नोटीस मिळाल्याची तारीख त्याच कागदावर पेनाने लिहून ठेवा. अर्जात म्युटेशन नंबर, गाव, सर्व्हे नंबर व हिस्सा, क्षेत्र एकर-गुंठ्यांत. मग कोणती नोंद नाकारता ते एका वाक्यात. मग का नाकारता: वाटणी झालेली नाही, वारसाचं नाव गाळलंय, मृत्युपत्र खोटं आहे, खरेदी देणाऱ्याला एवढा हिस्साच नव्हता, यातलं जे असेल ते. सोबत वंशावळ, जुना उतारा, असतील तर दस्त. पोच घ्या, शिक्क्यासह.

चुकतं कुठे? 'माझ्यावर अन्याय होत आहे, कृपया न्याय द्यावा' असं दोन पानं लिहिलं जातं आणि नेमकी कोणती नोंद मान्य नाही हेच राहून जातं. ती झाली मराठी अर्थाची 'तक्रार'. कन्नड अर्थाची 'तकरारु' झालीच नाही. इथे शब्दाच्या गैरसमजाने माणसाचं हातातलं रान जाऊ शकतं, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

आणखी एक. महसूल अधिकारी मालकी ठरवत नाही, नोंद कोणाच्या नावे ठेवायची एवढंच ठरवतो. मालकीचा दावा दिवाणी कोर्टात. कोर्टाने मनाई दिली असेल तर ती आरटीसीच्या (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याच्या) अकराव्या रकान्यात, बोजा आणि इतर हक्कांच्या जागी, चढवून घ्या. खरेदी करणाऱ्यानेही फक्त नवव्या रकान्यातलं मालकाचं नाव बघून परत फिरू नये.

---

संस्कृत_शहापूर

वकीलसाहेब, जमिनीच्या तंट्यात पोलीस 145 म्हणतात ते काय, तेही सांगा. त्यातही 'डिस्प्यूट' आहे ना?

---

वकील_निपाणी

आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 145. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 164 झालं. तिथे 'डिस्प्यूट' जमीन किंवा पाण्याबद्दलचा, आणि त्यातून शांतताभंग होण्याची शक्यता असलेला. 'जमीन किंवा पाणी' यात इमारत, बाजार, मासेमारीची जागा, उभं पीक आणि भाडंही येतं. दंडाधिकारी फक्त ताबा कुणाचा होता ते बघतो, हक्क बघत नाही. आधीच्या दोन महिन्यांत कुणाला जबरदस्तीने हुसकावलं असेल तर त्याचाच ताबा होता असं धरता येतं. म्हणून इथे 'तंटा' हा शब्द चपखल. 'वाद' मवाळ पडतो आणि 'हरकत' तर अगदीच.

---

उद्यमबाग

कारखानदारांसाठी भर घालतो. कास्टिंग गेलं, बिल गेलं, पैसे आले नाहीत. दिवाळखोरी संहिता 2016 च्या कलम 8 प्रमाणे मागणी नोटीस गेली की समोरच्या कंपनीला 10 दिवस. त्या 10 दिवसांत तिने 'डिस्प्यूट आहे' असं दाखवून दिलं तर दिवाळखोरीचा पुढचा अर्ज टिकत नाही. थकबाकी किमान 1 कोटीची हवी, ही मर्यादा मार्च 2020 पासूनची.

पण डिस्प्यूट म्हणजे काय ते संहितेनेच सांगितलंय: रक्कम देणं लागते का, मालाचा दर्जा, दिलेल्या हमीचा भंग. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या मोबिलॉक्स निकालात म्हटलं की तो डिस्प्यूट मागणी नोटीस मिळण्याआधीपासून अस्तित्वात असला पाहिजे. खरा वाटण्याजोगा असावा, पोकळ असू नये.

याचा रोजच्या कामातला अर्थ: माल घेणाऱ्याने कास्टिंगमध्ये ब्लो होल निघाले किंवा हार्डनेस कमी भरला तर त्याच आठवड्यात मेल करावा. इन्व्हॉइस नंबर, हीट नंबर, किती नग तपासले, किती रिजेक्ट, फोटो, टेस्ट रिपोर्ट. फोनवर 'माल बरोबर नाही ओ' म्हणून सोडून दिलं आणि सहा महिन्यांनी नोटिशीच्या उत्तरात रिजेक्शन काढलं तर ते पोकळ ठरायची भीती. माल देणाऱ्याने उलट काळजी घ्यावी. रिजेक्शनचा मेल आला की गप्प राहू नये. किती नग मान्य, किती अमान्य, ते लिहून टाकावं. म्हणजे उरलेली रक्कम 'अनडिस्प्यूटेड' राहते.

इथे 'अनडिस्प्यूटेड अमाउंट'ला 'निर्विवाद रक्कम' म्हणू नका, ते भाषणासारखं वाटतं. 'मान्य रक्कम' म्हणा.

---

बँक_खिडकी

तिसरं वाक्य आमच्याकडचं. ॲपमध्ये 'रेज डिस्प्यूट' असं बटण असतं. लोक दाबायला बिचकतात, त्यांना वाटतं बँकेशी भांडण होईल. ते फक्त 'हा व्यवहार मला मान्य नाही' असं कळवणं आहे. मराठीत 'व्यवहाराला हरकत नोंदवा' लिहिलं तर कुणी बिचकणार नाही.

प्रकार मात्र बरोबर निवडावा. यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला पाठवलेले असतील तर 5 दिवस. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, असं रिझर्व्ह बँकेचं 2019 चं परिपत्रक आहे. भामट्याने परस्पर पैसे काढले असतील आणि चूक ना तुमची ना बँकेची, तर 3 कामाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. 4 ते 7 दिवसांत कळवलंत तर मर्यादित. आपणच चुकीचा नंबर टाकला असेल तर तो वेगळा प्रकार. तिथे 'मी व्यवहार केलाच नाही' असं लिहिलं की हरकत फेटाळली जाते आणि खरी चूक दुरुस्त करायचा वेळही जातो.

क्रेडिट अहवालातली चुकीची नोंदही अशीच हरकत घेऊन दुरुस्त होते. मुदत 30 दिवस, पण कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय आकडा बदलत नाही. म्हणून अर्ज दोन्हीकडे करावा.

---

संस्कृत_शहापूर

'वाद' या शब्दाची बाजू घ्यायलाच हवी. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी दोन्ही पक्ष प्रमाणं देऊन बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी काहीही करून बोलतात तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता समोरच्याचं खोडत राहतात ती वितंडा. म्हणजे 'वाद' हा मुळात फार स्वच्छ शब्द, आपण त्याला 'घालून' मळवला. न्यायालयात वादी-प्रतिवादी म्हणतात तिथे तो अजून स्वच्छ आहे.

डिस्प्यूटला सर्वांत जवळचा जुना शब्द विवाद. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदं आहेत, म्हणजे राजापुढे येणाऱ्या खटल्यांचे विषय. ऋण, ठेव, भागीदारी, वेतन न देणं आणि त्यातच सीमाविवाद. दोन गावांच्या हद्दीचा. तेव्हा चौथ्या वाक्यासाठी 'सीमाविवाद' हा शब्द आजचा नाही, फार जुना आहे.

---

दोन्हीभाषी_चिकोडी

जुना असेल, पण आपल्याकडे मराठी माणूस 'सीमाप्रश्न' म्हणतो, 'सीमाविवाद' नाही. हा फरक अर्थाचा आहे. प्रश्नाला उत्तर अपेक्षित असतं. 'गडी विवाद' हा कन्नड वर्तमानपत्रांचा शब्द, 'सीमावाद' मुंबईच्या वाहिन्यांचा, 'सीमाप्रश्न' आणि 'सीमालढा' इथल्या माणसाचा. इंग्रजी 'बॉर्डर डिस्प्यूट' या चौघांना एकाच पोत्यात घालतं. भाषांतर करताना बोलणारा कोण ते बघून शब्द निवडावा लागेल.

---

वकील_निपाणी

आणि कायद्यात इथे 'डिस्प्यूट' हाच शब्द कळीचा. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. या सीमेच्या प्रश्नासाठी महाजन आयोग 1966 मध्ये नेमला गेला, अहवाल 1967 चा. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा केला तो राज्यघटनेच्या कलम 131 खाली. त्या कलमाची भाषा बघा: राज्यांमधला असा 'डिस्प्यूट', ज्यात कायदेशीर हक्काचं अस्तित्व किंवा व्याप्ती ज्यावर अवलंबून आहे असा कायद्याचा किंवा वस्तुस्थितीचा प्रश्न गुंतलेला आहे. नुसता राजकीय मतभेद तिथे चालत नाही. कर्नाटकाचं म्हणणं, महाजन अहवाल अंतिम आहे आणि राज्यांच्या सीमा ठरवणं कलम 3 प्रमाणे संसदेचं काम आहे. म्हणजे गावं कुणाची याच्याही आधी, कोर्टाने निवाडा द्यावा असा डिस्प्यूट इथे आहे का, हाच मुद्दा उभा राहतो.

पाण्याचं तर कलमच वेगळं. 262 मध्ये आंतरराज्य नद्यांच्या पाण्याचे डिस्प्यूट, त्यासाठी 1956 चा कायदा आणि लवाद. खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचा लवाद त्याच वाटेने झाला. 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी पाणी मिळालं. इथे सरकारी मराठीत 'पाणीतंटा लवाद' म्हणतात. म्हणजे इंग्रजी शब्द तोच, पण मराठीत जमिनीला 'प्रश्न' आणि पाण्याला 'तंटा'.

---

इंग्रजी_मास्तर

यावरून 'कॉन्फ्लिक्ट'चा फरक सांगता येईल. जॉन बर्टन या अभ्यासकाने मांडलेला भेद असा: ज्यात देवाणघेवाण होऊ शकते, तडजोड निघू शकते तो डिस्प्यूट, ज्यात ओळख, सुरक्षितता अशा न सोडता येणाऱ्या गरजा अडकल्या आहेत तो कॉन्फ्लिक्ट. पाण्याचे टीएमसी वाटता येतात. मुलाने कोणत्या भाषेत शिकायचं आणि सातबारा असो की आरटीसी, तो कोणत्या लिपीत वाचायचा, हे टीएमसीत मोजता येत नाही. बर्टनच्या हिशोबाने सीमाप्रश्नात दोन्ही मिसळलेले आहेत. मात्र कॉन्फ्लिक्टला सरसकट 'संघर्ष' लिहू नका. 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' म्हणजे हितसंबंध आड येणं, तिथे कुणी कुणाशी झगडत नसतं.

---

भाषांतर_खानापूर

सगळ्यांचे आभार. माझ्या वहीत आता असं उतरलंय:

१. फेरफार नोंद विवादग्रस्त आहे. (अर्ज नुसता पडला असेल तर: नोंदीला हरकत घेतली आहे.)
२. पक्षकार भाऊ आहेत हे उभयपक्षी मान्य आहे.
३. ग्राहकाने व्यवहाराला हरकत नोंदवली आहे.
४. बोलणारा बघून: सीमाप्रश्न, सीमावाद किंवा सीमाविवाद.

'डिस्प्यूटेड एरिया'ला 'वादग्रस्त भाग' लिहू की 'सीमाभाग'?

---

दोन्हीभाषी_चिकोडी

कोर्टाच्या कागदात 'विवादित क्षेत्र' लिहा, कारण तिथे महाराष्ट्राने मागितलेल्या 865 गावांची यादी आहे आणि यादीबाहेरचं गाव त्यात येत नाही. बाकी सगळीकडे सीमाभाग. आणि पहिल्या वाक्याखाली कंसात कन्नड 'तकरारु' लिहून ठेवा ताई, म्हणजे नोटीस हातात घेऊन आलेल्याला शब्द शोधून दाखवता येईल.